जन्मानंतरची मिळकत

काही मिळाले, मिळवले, पदरात पडले, हे सांगायला इंग्रजीत क्रियापदांचा तोटा नाही. गेट, गेन, अर्न, ऑब्टेन, अटेन, प्रोक्युअर, सिक्युअर अशी मोठी रांगच आहे. त्या रांगेत ‘ॲक्वायर’ थोडा अंतर राखून उभा असतो. घरगुती बोलण्यात तो क्वचितच येतो. कायद्याची पुस्तके, कंपन्यांची निवेदने, डॉक्टरांचे अहवाल आणि वस्तुसंग्रहालयांच्या नोंदवह्या यांचे मात्र त्याच्यावाचून पान हलत नाही. सरकार जमीन ॲक्वायर करते, मूल भाषा ॲक्वायर करते, एक कंपनी दुसरीला ॲक्वायर करते आणि बरा व्हायला इस्पितळात गेलेला रुग्ण तिथला जंतुसंसर्ग ॲक्वायर करून येतो. आधी नव्हते ते आता आहे, एवढे सोडले तर या चार घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. तरीही त्या सगळ्यांना एकच शब्द कसा पुरतो, हे कळायला आधी त्याचे कूळ पाहू आणि मग त्याच्या अटी.

शोधणाऱ्यांचे कूळ

लॅटिनमध्ये ‘क्वेरेरे’ म्हणजे शोधणे, मागणे, विचारणे. त्याला ‘कडे’ अशा अर्थाचा ‘ॲड’ हा उपसर्ग लागून ‘ॲक्विरेरे’ झाले. शोधून आपल्याकडे आणणे, हा त्याचा मूळ अर्थ. जुन्या फ्रेंचमध्ये या शब्दाच्या स्पेलिंगात ‘सी’ नव्हता. पंधराव्या शतकाच्या सुमारास तो इंग्रजीत आला आणि लॅटिनच्या वळणावर परतताना ‘क्यू’च्या आधी ‘सी’ येऊन बसला. उच्चारात या ‘सी’चे काहीच काम नाही. स्पेलिंग पाठ करणाऱ्यांना तो तेवढा छळतो.

‘क्वेरेरे’चा वंशविस्तार प्रचंड आहे. क्वेश्चन, क्वेरी, क्वेस्ट, रिक्वेस्ट, रिक्वायर, इन्क्वायरी ही सगळी त्याचीच पिलावळ. ‘कॉन्कर’ म्हणजे जिंकणे, हाही त्यातलाच. मागून मिळाले नाही ते बळाने घेणारा. ‘एक्सक्विझिट’चा मूळ अर्थ ‘निवडून निवडून शोधलेले’, म्हणून आज तो अप्रतिम वस्तूला लावतात. नोकरदारांच्या तोंडी असलेला ‘पर्क्स’ हा ‘परक्विझिट’चा संक्षेप आहे. कंपनीची गाडी, फुकटचे घर यांच्यावर प्राप्तिकर लावताना आपला कायदा हा शब्द वापरतो. मध्ययुगीन कायद्यात मात्र त्याचा अर्थ वेगळा होता. वारशाने न येता अन्य मार्गाने मिळालेल्या मिळकतीला परक्विझिट म्हणत. हा अर्थ लक्षात ठेवावा, कारण ‘ॲक्वायर’ची पहिली अट तीच आहे.

दिसायला सारखे पण कुळाबाहेरचे काही शब्दही आहेत. आरोपीला निर्दोष सोडण्यासाठीचा ‘ॲक्विट’ आणि मुकाट संमतीसाठीचा ‘ॲक्विएस’ हे दोघे शांततावाचक लॅटिन शब्दावरून आले. ‘ॲक्वेंट’ म्हणजे ओळख करून देणे, हा ‘जाणणे’ या धातूचा. स्पेलिंगच्या साम्यावरून त्यांना एका पंगतीत बसवू नये.

तीन अटी

सॅम्युएल जॉन्सनचा इंग्रजी कोश १७५५ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. त्यात ‘ॲक्वायर’चा अर्थ देताना त्याने एक रेघ मारली. निसर्गाने दिलेले आणि वारशाने आलेले रेघेच्या अलीकडे. माणसाने स्वतःच्या श्रमाने किंवा सामर्थ्याने मिळवलेले पलीकडे. पलीकडचे तेवढे ॲक्वायर केलेले. जन्मानंतरची मिळकत, ही झाली पहिली अट.

दुसरी अट अमेरिकेतल्या नोआ वेबस्टरने १८२८ च्या कोशात स्पष्ट केली. मिळालेली गोष्ट काही प्रमाणात तरी टिकली पाहिजे, मिळवणाऱ्याच्या अंगी किंवा मालकीत मुरली पाहिजे. त्याचे उदाहरण वाचायला आणलेल्या पुस्तकाचे आहे. ते ऑब्टेन केले म्हणता येईल, ॲक्वायर केले म्हणता येणार नाही, कारण ते परत करायचे आहे.

तिसरी गोष्ट दोघांच्याही व्याख्येत आहे, पण तिला अट म्हणण्यापेक्षा सूट म्हणणे योग्य. मार्गाची सूट. जॉन्सनच्या लेखी श्रम चालतात आणि सामर्थ्यही चालते. वेबस्टर तर कोणत्याही मार्गाने म्हणून मोकळा होतो. अभ्यासाने मिळालेली विद्या आणि सत्तेच्या जोरावर घेतलेले शेत यांच्यात हे क्रियापद भेद करत नाही. वस्तू जन्मतः नव्हती आणि आता कायमची आहे, एवढे ते सांगते. ती कशी आली आणि कोणाकडून आली, यावर गप्प बसते. म्हणून ज्या ज्या क्षेत्राला ‘कशी’ आणि ‘कोणाकडून’ची गरज पडली, त्याने या शब्दाच्या मागेपुढे आणखी एखादा शब्द आणून बसवला.

स्वकष्टार्जित

आपल्याकडे ही गरज सर्वांत आधी वाटणीच्या वेळी पडली. ‘सेल्फ-ॲक्वायर्ड प्रॉपर्टी’ ही कोर्टातली संज्ञा मराठीत ‘स्वकष्टार्जित मिळकत’ म्हणून घरोघर माहीत आहे. तिच्यासमोर ‘वडिलोपार्जित’ उभी असते. मृत्युपत्र करायला बसलेल्या माणसाला वकील पहिला प्रश्न हाच विचारतात की यातले स्वकष्टार्जित किती.

जॉन्सनची रेघ आपल्या धर्मशास्त्राने कित्येक शतके आधी मारलेली होती. वडिलांच्या द्रव्याला धक्का न लावता स्वतः मिळवलेले धन भावांच्या वाटणीत येत नाही, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. चालुक्यांच्या कल्याणी नगरीत त्या स्मृतीवर ‘मिताक्षरा’ टीका लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने त्यावर काथ्याकूट केला आहे. विद्येच्या बळावर मिळवलेल्या धनाला ‘विद्याधन’ असे वेगळे नावही होते.

पण विद्या शिकायला पैसे कोणाचे लागले? वाद इथे पेटला. शिक्षणाचा खर्च एकत्र कुटुंबाने केला असेल तर त्या शिक्षणावरची कमाई एकट्याची की कुटुंबाची? ‘गोकल चंद विरुद्ध हुकम चंद’ या खटल्यात भारतीय सनदी सेवेतल्या अधिकाऱ्याच्या कमाईवर हाच प्रश्न आला आणि १९२१ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो कुटुंबाच्या बाजूने सोडवला. कुटुंबाच्या पैशावर खास शिक्षण घेतले, तेव्हा त्याचे फळही कुटुंबाचे. देशभरचे डॉक्टर, वकील, सरकारी अधिकारी हवालदिल झाले असतील तर नवल नाही, कारण भावांच्या आणि वडिलांच्या मदतीवाचून शिकलेले त्यांच्यात फार थोडे होते. मुंबईचे नामांकित बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांनी मध्यवर्ती विधिमंडळात विधेयक आणले आणि १९३० मध्ये ‘हिंदू गेन्स ऑफ लर्निंग ॲक्ट’ संमत झाला. शिक्षणाचा खर्च कोणीही केलेला असो, विद्येवर मिळवलेली कमाई शिकणाऱ्याची स्वतःची, असा निकाल त्या कायद्याने लावला. ‘ॲक्वायर’ ज्यावर गप्प बसतो तो प्रश्न सोडवायला इथे एक आख्खा कायदा करावा लागला.

शेपट्या आणि लशी

जीवशास्त्रात हीच रेघ ‘ॲक्वायर्ड कॅरेक्टर्स’ या नावाने आली. फ्रान्सच्या लामार्कने १८०९ मध्ये मांडले की प्राण्याने हयातीत कमावलेले गुण त्याच्या पिलांत उतरू शकतात. झाडाचा शेंडा गाठायला मान ताणणाऱ्या जिराफाचे उदाहरण तिथलेच. थोडक्यात, एका पिढीची स्वकष्टार्जित मिळकत पुढच्या पिढीची वडिलोपार्जित होते, असा हा दावा होता. जर्मनीच्या ऑगस्ट वाइसमानने त्या शतकाच्या अखेरीस उंदरांच्या शेपट्या कापून तो तपासला. पाच पिढ्यांत ९०१ पिले जन्मली आणि एकही आखूड शेपटीचे निघाले नाही. शेपटी गमावणे जबरदस्तीचे होते, त्यात प्राण्याचा प्रयत्न कुठला, असा आक्षेप त्यावर घेतला गेला आणि तो गैरलागू नव्हता. तरी शरीरावर घडलेले बदल बीजपेशींपर्यंत पोचत नाहीत, हे वाइसमानचे म्हणणे पुढच्या आनुवंशिकीचा पाया ठरले.

वैद्यकात ‘ॲक्वायर्ड’ हा ‘जन्मजात’च्या विरुद्ध टोकाचा शब्द आहे. एड्स या नावातले पहिले अक्षर त्याचेच. अमेरिकेत १९८१ च्या जूनमध्ये या आजाराची पहिली नोंद प्रसिद्ध झाली. सुरुवातीला समलिंगी पुरुषांशी जोडलेले एक नाव काहींनी वापरले. लवकरच इतरांतही रुग्ण सापडू लागले आणि सप्टेंबर १९८२ पासून तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने ‘ॲक्वायर्ड इम्यून डेफिशियन्सी सिंड्रोम’ हे नाव रूढ केले. प्रतिकारशक्तीची काही न्यूने जन्मतः असतात. हे नंतर जडलेले आहे, एवढाच त्या ‘ॲक्वायर्ड’चा अर्थ. नाव बदलल्याने एका समाजगटावरचा शिक्का निदान नावातून तरी पुसला गेला. भारतात पहिले संसर्ग १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनीच्या तपासणीत आढळले. सॉलोमन माहेरच्या गायतोंडे.

जंतू कुठे भेटला हेही डॉक्टरांना सांगावे लागते. न्यूमोनिया ‘कम्युनिटी-ॲक्वायर्ड’ असतो किंवा ‘हॉस्पिटल-ॲक्वायर्ड’. रुग्ण दाखल झाल्यावर ४८ तास उलटल्यानंतर तो दिसला, तर साधारणपणे इस्पितळातला धरतात. फरक औषधोपचाराच्या दृष्टीने मोठा आहे, कारण इस्पितळातल्या जंतूंना नेहमीची प्रतिजैविके अनेकदा दाद देत नाहीत. उलट बाजूला, लस टोचून येते तीही ‘ॲक्वायर्ड इम्युनिटी’च. मुंबईत प्लेगने थैमान घातले असताना वाल्डेमार हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते. रोग जडला तरी ॲक्वायर, रोगापासून संरक्षण मिळाले तरी ॲक्वायर. मिळालेले हवेसे की नकोसे, याचेही या शब्दाला सोयरसुतक नाही.

भाषा येणे आणि भाषा शिकणे

मूल आपली भाषा कशी मिळवते, याच्या अभ्यासाला ‘लँग्वेज ॲक्विझिशन’ म्हणतात. इथे जॉन्सनची रेघ पुसट होते. नोम चॉम्स्की यांच्या मते भाषा आत्मसात करण्याची यंत्रणा मूल जन्मतःच घेऊन येते. मराठी यायची की तमिळ, ते भोवतालच्या बोलण्यावर ठरते. यंत्रणा निसर्गाची, भाषा मिळवलेली.

मूल ऐकलेले केवळ उचलत नाही, त्यातले नियम काढते. अमेरिकेच्या जीन बर्को यांनी १९५८ मध्ये लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवले आणि त्याला ‘वग’ असे बनावट नाव दिले. मग असे दोन प्राणी दाखवले. हा शब्द कधीही न ऐकलेली मुले ‘वग्ज’ म्हणाली. मराठी घरात हा प्रयोग रोज फुकट चालतो. भर-भरलं, धर-धरलं, चर-चरलं ऐकलेले मूल ठणकावून सांगते, “मी करलं.” मोठी माणसे ‘केलं’ म्हणतात, तेव्हा ‘करलं’ ते कोणाकडून उचलणार? ते त्याने स्वतः बांधलेले असते. ती चूक त्याच्या व्याकरणाच्या कष्टांची पावती आहे.

स्टीफन क्रॅशन यांनी १९७० च्या दशकाअखेर ‘ॲक्विझिशन’ आणि ‘लर्निंग’ या दोन शब्दांत ठळक भेद केला. कानावर पडलेल्या, समजलेल्या भाषेतून नकळत येते ते ॲक्विझिशन. नियम समजून, घोकून येते ते लर्निंग. क्रॅशन यांचा दावा असा की शिकलेले ज्ञान मुख्यतः चुका तपासायला उपयोगी पडते, घडाघडा बोलणे येते ते ॲक्विझिशनमधूनच. दोन्हींमध्ये त्यांनी उभी केलेली भिंत इतकी पक्की नसते, शिकलेले सरावाने अंगवळणी पडते, अशी टीका इतर अभ्यासकांनी केली आणि ती आजही चालू आहे. तरी भेद उपयोगाचा आहे. अमेरिकेतल्या मराठी शाळेत रविवारी मुळाक्षरे गिरवणारे मूल आणि घरी आजीशी दिवसभर भांडणारे मूल यांच्या मराठीत जे अंतर पडते, ते या दोन शब्दांनी नेमके पकडता येते.

या क्षेत्राने ‘ॲक्वायर’ला नवी छटा दिली. श्रम दिसत नाहीत, सामर्थ्य गाजवले जात नाही आणि मिळवणाऱ्याला आपण काही मिळवतो आहोत याची जाणीवही नसते. ‘ॲक्वायर्ड टेस्ट’ या वाक्प्रचारातही ती आहे. पहिल्या घासाला तोंड वाकडे करायला लावणारा, पण हळूहळू अंगवळणी पडणारा पदार्थ किंवा संगीतप्रकार त्या नावाने ओळखला जातो. आवड ठरवून कमावता येत नाही. ती जडते.

संपादन आणि अधिग्रहण

सरकारच्या हाती हा शब्द पडला की त्यातले सामर्थ्य उघड होते. १८९४ चा ‘लँड ॲक्विझिशन ॲक्ट’ हा इंग्रजांचा कायदा स्वातंत्र्यानंतरही साठ वर्षांहून अधिक काळ चालला. मराठीत त्याला ‘भूसंपादन’ म्हणतात. पुण्यसंपादन, विश्वास संपादन, यश संपादन या शब्दांतल्या ‘संपादन’ला कष्टाचा आणि मान्यतेचा वास आहे. जमिनीच्या बाबतीत मात्र देणाऱ्याची मान्यता कायद्याने विचारलीच नव्हती. कलम ४ ची अधिसूचना, कलम ६ ची घोषणा, कलम ९ च्या नोटिसा आणि कलम ११ चा निवाडा अशा पायऱ्यांनी शेत सरकारजमा होई. कलम १७ लावले तर निवाड्याआधीच ताबा घेता येई. धरणाच्या आणि कारखान्याच्या पट्ट्यातल्या अनेक शेतकऱ्यांना इंग्रजी वाचता येत नसले तरी हे आकडे तोंडपाठ असत.

आपले घेतले जात आहे म्हणून बाजारभावावर जी जादा रक्कम मिळे, तिला ‘सोलेशियम’ म्हणजे दिलासा रक्कम म्हणत. आधी ती १५ टक्के होती, १९८४ च्या दुरुस्तीने ३० टक्के झाली आणि २०१३ च्या नव्या कायद्याने १०० टक्के. त्याच कायद्याने खासगी कंपनीसाठीच्या संपादनाला ८० टक्के बाधित कुटुंबांची आणि सार्वजनिक-खासगी भागीदारीला ७० टक्के कुटुंबांची संमती आवश्यक केली. शंभराहून अधिक वर्षे गप्प असलेल्या शब्दाला ‘कोणाकडून’चे उत्तर द्यावे लागले. त्यामागे देशभरची आंदोलने होती. नवी मुंबईच्या जमिनींसाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या लढ्यात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात गोळीबार होऊन पाच जण बळी गेले. विकसित जमिनीचा साडेबारा टक्के वाटा मूळ मालकांना देण्याची योजना त्या लढ्याचे फळ.

‘ॲक्विझिशन’चा सख्खा भाऊ ‘रिक्विझिशन’. दोघांची गाठ आपल्या संविधानाच्या समवर्ती सूचीतल्या ४२ व्या नोंदीत पडते. ॲक्विझिशनने मालकी जाते. रिक्विझिशनने मालकी राहते, वापर तेवढा काही काळ सरकारकडे जातो. निवडणुकीत खासगी बसगाड्या ताब्यात घेतात ते रिक्विझिशन. वेबस्टरची टिकाऊपणाची अट इथे कायद्याने पाळली आहे. मराठी प्रशासनात पहिल्यासाठी ‘संपादन’ आणि दुसऱ्यासाठी ‘अधिग्रहण’ असा नेटका भेद होता. मराठवाड्यातल्या टंचाईच्या बातम्यांत विहिरींचे अधिग्रहण होते, पाऊस पडला की विहीर पुन्हा मालकाची. हिंदीत मात्र कायमच्या संपादनालाच ‘अधिग्रहण’ म्हणतात. तिथून तो शब्द मराठी वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानांवर उतरला आणि आता एखादी कंपनी दुसऱ्या कंपनीचे ‘अधिग्रहण’ करते. विहिरीच्या न्यायाने पाहिले तर ती कंपनी पुढच्या पावसाळ्यात परत द्यायला हवी!

गोव्यातले तीन भाऊबंद

‘क्वेरेरे’च्या कुळातले तीन शब्द गोव्याच्या इतिहासात इतके खोल रुतले आहेत की तेवढ्यांवरून त्या प्रदेशाची पाचशे वर्षे सांगता येतील. पहिला ‘कॉन्कर’च्या जातीचा. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात घेतलेल्या तिसवाडी, बारदेश, साष्टी या महालांना ते ‘वेल्यास कॉन्किस्तास’ म्हणत आणि अठराव्या शतकात जोडलेल्या पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण यांना ‘नोव्हास कॉन्किस्तास’. मराठीत या झाल्या जुन्या आणि नव्या काबिजादी. दुसरा ‘इन्क्विझिशन’. शब्दशः चौकशी. १५६० मध्ये गोव्यात स्थापन झालेले हे धर्मन्यायपीठ मधला थोडा काळ वगळता १८१२ पर्यंत चालले.

तिसरा शब्द भारताचा. आपल्या संविधानाच्या पहिल्याच अनुच्छेदात भारताच्या राज्यक्षेत्रात काय काय येते, याची यादी आहे. तिचा शेवटचा भाग भविष्यात ‘ॲक्वायर’ केल्या जाणाऱ्या प्रदेशांसाठी मोकळा ठेवला आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज राजवट संपली आणि बाराव्या घटनादुरुस्तीने २० डिसेंबरपासून गोवा, दमण आणि दीव हा केंद्रशासित प्रदेश झाला. गोवेकरांचे नागरिकत्वही १९५५ च्या नागरिकत्व कायद्यातल्या ‘ॲक्विझिशन ऑफ सिटिझनशिप’ या भागात बसले. तिथे जन्माने, वंशाने, नोंदणीने, देशीयकरणाने आणि प्रदेश सामील झाल्याने असे नागरिकत्वाचे पाच मार्ग आहेत. १९६२ च्या आदेशाने गोवेकर पाचव्या मार्गाने भारतीय झाले. जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वालाही हा कायदा ‘ॲक्विझिशन’ म्हणतो, ही जॉन्सनला न पटणारी गोष्ट.

गोव्यात या घटनेला कोणी संपादन म्हणत नाही, मुक्ती म्हणतात. लोकांच्या मुक्तीमागे सत्याग्रही आहेत, तुरुंगवास आहे, गोळ्या आहेत. कायद्याच्या शब्दाला त्या मार्गाशी कर्तव्य नाही. प्रदेश आधी नव्हता, आता आहे, एवढी नोंद त्याला पुरते.

ताबा आणि नोंदवही

शेअर बाजारात मार्गाची फार काटेकोर चौकशी होते. सेबीच्या २०११ च्या नियमांनुसार सूचीबद्ध कंपनीचे २५ टक्के किंवा त्याहून अधिक मताधिकार हाती येत असतील, तर उरलेल्या भागधारकांकडून आणखी किमान २६ टक्के भाग विकत घ्यायची खुली देकार-घोषणा करावी लागते. मोठ्या भागधारकाला मिळणारी संधी छोट्यालाही मिळावी, हा हेतू. असे संपादन व्यवस्थापनाच्या संमतीने झाले तर ‘फ्रेंडली’, विरोध डावलून झाले तर ‘होस्टाइल’. पुन्हा तीच जोडशब्दांची गरज. टाटांनी २००० मध्ये ब्रिटनची टेटली आणि २००८ मध्ये फोर्डकडून जग्वार लँड रोव्हर ॲक्वायर केली. १९६९ मध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, त्यात पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्र होती. ते पक्के करणाऱ्या १९७० च्या कायद्याच्या नावातही ‘ॲक्विझिशन’ आहे. विकत घेणे आणि कायद्याने काढून घेणे, दोन्हींना एकच शब्द.

वस्तुसंग्रहालयांनी या मौनाचा सर्वाधिक फायदा घेतला. पाटीवर ‘ॲक्वायर्ड’ आणि एक सन लिहिला की काम भागे. अथेन्सच्या पार्थेनॉनवरून लॉर्ड एल्गिनने काढून आणलेली शिल्पे ब्रिटिश संसदेने १८१६ मध्ये ३५,००० पौंडांना घेतली. खरेदी कायदेशीर होती, पण एल्गिनकडे ती कशी आली यावर वाद आजही मिटलेला नाही. १९७० च्या युनेस्को करारानंतर वस्तू कोणत्या हातांतून आली, तिची साखळी तपासल्याशिवाय ती घेऊ नये, हा दंडक हळूहळू रुजला. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्याला आली ती तीन वर्षांच्या उसन्या बोलीवर. वेबस्टरच्या भाषेत महाराष्ट्राने ती ऑब्टेन केली.

कुठे वापरावा

आता लिहिणाऱ्यांच्या कामाचे. कौशल्य, ज्ञान, सवय, लकब, उच्चार, नावलौकिक, जमीन, कलावस्तू, नागरिकत्व यांच्याबरोबर ‘ॲक्वायर’ शोभतो, कारण या गोष्टी एकदा आल्या की मुरतात. आधीच असलेल्यात भर पडत असेल तर ‘गेन’: वजन, आत्मविश्वास, वेग, अनुभव. अर्ज करून, रीतसर पायऱ्या चढून मिळते ते ‘ऑब्टेन’: परवाना, दाखला, पदवी. लायकीने मिळते ते ‘अर्न’. पगार आणि आदर दोन्ही. उंची किंवा वय गाठायचे तर ‘अटेन’. सरकार हमीभावाने धान्य घेते ते ‘प्रोक्युअर’. यातले काहीच नेमके नको असेल तर ‘गेट’ सगळ्यांची कामे करतो, फक्त औपचारिक पत्रात त्याला थोडे मागे ठेवतात.

आपल्याकडचे विद्यार्थी अर्जात ‘पहिला क्रमांक ॲक्वायर केला’ असे लिहितात. क्रमांक दर परीक्षेला बदलतो, तो मुरत नाही. तिथे ‘सिक्युअर’ किंवा ‘ऑब्टेन’ हवा. चहा, रिक्षा, तिकीट यांनाही ‘ॲक्वायर’ लावू नये. लावलाच तर तो विनोद होतो आणि इंग्रज तो मुद्दाम करतात. मित्राच्या हातात काल नसलेली छान छत्री दिसली की ‘ही कुठून ॲक्वायर केलीस?’ असे विचारण्यात ‘कुठून ढापलीस?’ हा प्रश्न सभ्यपणे दडलेला असतो.

त्या विनोदाला पोलिसांच्या दप्तरातही आधार आहे. चोरी, घरफोडी, लूट अशा गुन्ह्यांना ब्रिटनमध्ये ‘ॲक्विझिटिव्ह क्राइम’ म्हणतात. आर्थिक इतिहासकार आर. एच. टॉनी यांनी ‘द ॲक्विझिटिव्ह सोसायटी’ या नावाने पुस्तक लिहिले, तेव्हा संपत्ती गोळा करण्याचा हक्क मानणारा आणि ती कोणत्या कामासाठी हे न विचारणारा समाज त्यांच्या डोळ्यांसमोर होता. ज्या शब्दात विद्याधन, लस आणि मुलाची भाषा मावते, त्याच शब्दात घरफोडीही मावते. म्हणून इंग्रजी कागदावर ‘ॲक्वायर्ड’ दिसला की तीन प्रश्न विचारावेत: कोणाकडून, कोणत्या मार्गाने आणि किती काळासाठी. उत्तरे त्याच वाक्यात असतील तर लिहिणाऱ्याने आपले काम केले. नसतील, तर ती मागायचा हक्क आपला आहे; शिवाय ‘मागणे’ हा तर त्या शब्दाचा मूळचाच अर्थ.